लॅचचं दार

दाराबाहेर अडकलेल्या माणसांचे किस्से आमच्या बिल्डिंगमध्ये इतके साठलेत, की एकाचा सांगावा तर दुसऱ्याला राग येतो! नव्वद-एक्याण्णव साल असेल. ठाण्या-कल्याणच्या चाळी सोडून आम्ही सगळे डोंबिवलीत नवीन आलेलो. जन्मभर कडी-कोयंड्याची दारं, तीही दिवसभर सताड उघडी. इथे बिल्डरने हौसेने लॅच बसवलेलं. दार ओढलं की आपोआप बंद!

आल्या दिवशीच सासूबाई म्हणाल्या, "महिनाभर बघते. नाही करमलं तर मी आपली ठाण्याला, टेंभी नाक्याच्या चाळीत परत." तिथली खोली महिनाअखेरीला मालकाच्या ताब्यात द्यायची होती. मग रोज सकाळी, "आज कितवी तारीख गं?" मी कॅलेंडरकडे बघायचंच सोडलं.

दाराबाहेर पहिला नंबर माझाच. कचऱ्याचा डबा ठेवायला आले आणि मागे खाड्! आत गॅसवर दूध, सासूबाई देवळात. मी जिन्यात नुसती वर-खाली. संध्याकाळी आमचे हे म्हणतात, "बेल वाजवून बघायचीस ना!" अहो, उघडणार कोण, पातेलं? तेव्हापासून ऑफिसातसुद्धा दहादा पर्स उघडून किल्ली चाचपायची.

वरचे पितळेकाका टॉवेलवर पेपर घ्यायला आले नि अडकले. काकू बाजारात. तासभर आमच्या स्वयंपाकघरात टॉवेलवर बसून अख्खा पेपर वाचला. वर मला म्हणतात, "सूनबाई, चहात साखर बेताची हं, डॉक्टरांनी सांगितलंय!"

मासेवाली पहिल्यांदा आली तेव्हा चारही दारं बंद. जिन्यातूनच ओरडली, "अगं बायांनो, जित्या आहात का गं?"

सगळे हसले. मला मेलीला हसूच येईना. चाळीत एका खोलीत आम्ही सहा माणसं. भिंतभर खुंट्या, वर माळा, कोपऱ्यात मोरी, हात लांबवला की वस्तू हातात. सिलिंडर आला की शेजारीण उतरवून घ्यायची. इथे सासूबाई देवळात असताना तीनदा परत गेला! जागा दुप्पट नि सोय शून्य. आणि पोरं शाळेत, आम्ही दोघं ऑफिसात, सासूबाई त्या बंद दाराआड दिवसभर एकट्या. जिवाला नुसता घोर!

महिनाअखेरीला हे ऑफिसला गेलेले, म्हणून खोली द्यायला आम्ही दोघीच ठाण्याला निघालो. "दार मी लावते, तू हो पुढे," सासूबाई म्हणाल्या.

रिकाम्या खोलीत त्या भिंतीला टेकून बसल्या त्या बसल्याच. उठेचनात. मालक दारात उभे. "वहिनी, किल्ली देताय ना?"

कनवटीची किल्ली काढून त्यांनी मालकांच्या हातावर ठेवली आणि कुणाकडेही न बघता जिना उतरल्या.

डोंबिवलीत जिना चढताना मी पर्स उघडली. माझी किल्ली आतच राहिलेली!

"आई, तुमची द्या हो."

त्यांनी कनवट चाचपली आणि बाहेर काढली ती चाळीतल्या खोलीची किल्ली.

"अहो आई! मालकांना लॅचची दिलीत? आता आत जायचं कसं?"

सासूबाईंनी दार नुसतं ढकललं. ते उघडलं. चौकटीशी वरवंटा आडवा!

"लावलंय कुणी?" त्या चपला काढत म्हणाल्या. "ये आत. चहा टाकते."