कुत्रीच्या गुडघ्याची वाटी

आमची कुत्री चालता चालता मध्येच लंगडी घालायची. डावा मागचा पाय पोटाशी उचलायची, तीन-चार पावलं उरलेल्या तीन पायांवर उड्या मारत जायची आणि मग काही घडलंच नाही अशा थाटात चौथा पाय टेकून पुढं निघायची. केकाटणं नाही, पाय चाटणं नाही. आई म्हणायची, नखरे आहेत. पांढरी, झुबकेदार, मांजराएवढ्या वजनाची कुत्री. तिचं सगळंच आम्हाला नखरा वाटायचं.

मला ते बघत बसायला आवडायचं. कॉलेज संपलं होतं, नोकरी लागायची होती, आणि पुंडलिकनगरातल्या आमच्या घरी दुपारी कुणी येत नसे. मी फरशीवर बसून मोबाइलवर तिचे व्हिडिओ काढायचे आणि मग अगदी हळू करून बघायचे. दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, लंगडी बहुतेक वेळा दिवाणावरून उडी मारल्यावर किंवा गुळगुळीत फरशीवर झटकन वळल्यावर सुरू व्हायची. दुसरी गोष्ट नीट बघितल्याशिवाय दिसत नव्हती. पाय खाली टेकण्याआधी ती तो एकदा मागं लांब ताणायची, झोपेतून उठल्यावर आपण आळस देतो तसा. ताणला की लंगडी संपली.

हे मी कुणाला सांगितलं नाही. विचारल्याशिवाय सांगायची मला सवय नव्हती, आणि कुत्रीच्या पायाबद्दल मला कोण विचारणार होतं?

मोठे काका, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पैठणकडच्या आमच्या गावी शेती बघतात. शहरात काम निघालं की वांग्यांची पिशवी घेऊन एसटीनं येतात आणि जेवून परत जातात. त्या गुरुवारी ते दिवाणावर बसले होते आणि कुत्री त्यांच्या मांडीवरून खाली उडी मारून लंगडत निघाली. आम्ही महिनोन्‌महिने बघत होतो ते त्यांनी एकदाच बघितलं. तिनं पाय मागं ताणला तसं ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "हिची वाटी आडकती."

मला नवल वाटलं. मी शाळेत गुडघा इंग्रजीत शिकले होते, चित्रात नावं भरली होती, पण माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं. काकांनी मग बैलाची गोष्ट सांगितली. त्यांचा एक बैल सकाळी गोठ्यातून उठला की त्याचा मागचा पाय मागं ताठ व्हायचा. वाकायचाच नाही. खूर जमिनीवर घासत तो चालायचा आणि मग एकदम झटका बसून पाय मोकळा व्हायचा. गुडघ्याची वाटी वर चढून हाडाच्या कडेला अडकते, म्हणून असं होतं. त्यावर उपाय सोपा. वाटीखालची आतल्या बाजूची दोरी कापायची. गावाकडं एक जण आहे, शिकलेला डॉक्टर नव्हे, पण जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली राहून हात बसलेला. तो उभ्या बैलाचीच ती दोरी कापतो आणि बैल लगेच सरळ चालायला लागतो. काकांनी हे कितीतरी वेळा डोळ्यांनी बघितलं होतं.

त्यांनी तिथंच त्याला फोन लावला. रविवारी तो शहरात येणारच होता. वडिलांना बरं वाटलं. आईनं, दुखेल का, एवढंच विचारलं. काका म्हणाले, एवढाल्या बैलाला दुखत नाय. माझा चहा निवायच्या आत सगळं ठरलं.

मला काहीतरी जुळत नव्हतं. बैलाचा पाय ताठ अडकायचा, हिचा तर दुमडून पोटाशी जायचा. बैलाला पाय मागं जाणं हेच दुखणं होतं, आणि ही पाय मागं ताणूनच बरी व्हायची. सगळं उलट होतं. पण हे बोलायचं कसं? उभा जन्म ढोरांत काढलेल्या माणसाला मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवून? आमच्या नात्यातल्या पोरी मला मॅडम म्हणतात, ते काही कौतुकानं नाही. मी कप उचलून आत गेले.

शुक्रवारी मी काहीच केलं नाही. शनिवारी आई बाजारात गेल्यावर कुत्रीला पिशवीत घातलं, पिशवी स्कूटीच्या पुढं पायांमध्ये ठेवली आणि दवाखान्यात गेले. विचारायचे प्रश्न मोबाइलमध्ये लिहून नेले होते. त्यांची गरज पडली नाही, कारण डॉक्टर स्वतःच खूप बोलणारे होते. त्यांनी तिला कुशीवर झोपवलं, अंगठा गुडघ्यावर ठेवला आणि वाटी आतल्या बाजूला ढकलली. मग माझा अंगठा तिथं ठेवायला लावला. केसांखाली वाटाण्यापेक्षा थोडं मोठं असं काहीतरी कडक लागलं. मी हलकेच दाबलं तर ते सरकलं. पाय सरळ केला तर परत जागेवर आलं. कानाला ऐकू आलं नाही, पण बोटाला टुक्कन कळलं.

त्यांनी समजावलं ते असं. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला पन्हळीसारखी खाच असते आणि वाटी त्या पन्हळीतून वरखाली धावते. लहान जातीच्या कुत्र्यांत ही पन्हळ पुष्कळदा जन्मापासूनच उथळ असते, म्हणून वाटी काठावरून आत घसरते. घसरली की पायाला जोर लावता येत नाही, म्हणून कुत्रं पाय उचलून धरतं. पाय मागं ताणला की मांडीचा स्नायू सैल पडतो आणि वाटी पन्हळीत परतते. या दुखण्याच्या चार पायऱ्या असतात, ही दुसरीवर होती. वजन वाढू द्यायचं नाही, उड्या बंद, गुळगुळीत फरशीवर काहीतरी अंथरायचं. वाढलंच तर पन्हळ खोल करायची शस्त्रक्रिया असते. आज नको.

निघताना मी दारापर्यंत गेले आणि परत आले. बैलाची कापतात ती दोरी हिची कापली तर काय होईल, असं विचारलं. बैलाला वाटीखाली तीन दोऱ्या असतात, डॉक्टर म्हणाले, एक कापली तरी दोन उरतात. कुत्र्याला एकच. ती कापली तर त्या पायावर ती पुन्हा उभी राहायची नाही.

रविवारी काका पहिल्या एसटीनं आले. तो माणूस मागून बारापर्यंत येणार होता. कुत्री काकांच्या पायाशी पालथी पडून त्यांच्या टाचा हुंगत होती. शस्त्रक्रिया, डॉक्टर असले शब्द मी रात्रभर जुळवले होते, पण प्रत्यक्षात तोंडातून वेगळंच आलं. मी तिला उचलून त्यांच्याजवळ बसले.

"काका, बैलाच्या वाटीखाली दोऱ्या किती असतात?"

त्यांना आवडलं मी विचारलेलं. "तीन. मधली, भायेरची आन् आतली. कापायची ती आतली. हाताला कळतेत."

"हिच्या किती आहेत, बघा ना."

त्यांनी चष्मा घातला, खरं तर तिथं डोळ्यांचं काम नव्हतं. अंगठा गुडघ्याखाली ठेवला. थोडा आत सरकवला, थोडा बाहेर. मग दुसरा पाय घेतला आणि पुन्हा पहिला. कुत्री त्यांचं मनगट चाटत राहिली.

"एकच लागती," ते म्हणाले. "आतली कुठं गेली?"

"नसतेच. कुत्र्याला एकच असते. ती कापली तर पाय कायमचा जाईल. काल डॉक्टरांना विचारून आले."

वडील पेपर बाजूला करून माझ्याकडं बघत होते. काकांचा अंगठा अजून तिथंच होता.

"आन् गुरुवारी काय मूग गिळून बसली व्हतीस व्हय, मॅडम?"

मी त्यांना वाटी कशी सरकवायची आणि पाय ताणून परत कशी आणायची ते दाखवलं. त्यांनी ते दोनदा करून बघितलं, तिसऱ्यांदा मी करू दिलं नाही. मग त्यांनी पायजमा वर सारून स्वतःचा गुडघा चाचपला. "मला बी एकच," ते वडिलांना म्हणाले, जणू उरलेल्या दोन वडिलांनीच कुठं लपवून ठेवल्या होत्या.

फोन त्यांनीच लावला. तो माणूस पैठणच्या स्टँडावर गाडीची वाट बघत होता. कुत्रीसाठी येऊ नको म्हणाले. पलीकडून बरंच बोलणं झालं असावं, कारण काकांचा आवाज चढला. "तीन नाय, बाबा, एकच हाय. मी हातानं मोजली ना." डॉक्टरांचं नाव त्यांनी काढलं नाही, माझंही नाही. मला ते बरंच वाटलं.

दुपारी आम्ही जुन्या सतरंज्या काढून फरशीवर अंथरल्या आणि दिवाणावरची गादी खाली घेतली. आईनं कुरकुर केली, पण केलं. जाताना काकांनी उंबऱ्यात चपला घालत विचारलं, "शेळीला किती असतेत गं?" मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलवर त्यांचा फोन आला. ते कायम वडिलांनाच फोन करत. माझा नंबर त्यांच्याकडं आहे हेही मला ठाऊक नव्हतं. मागं शेळ्या ओरडत होत्या.

"शेळीला बी एकच," ते म्हणाले. "दोन शेळ्या बघितल्या. आता म्हशीचं बघतो."