ड्रायव्हरची काच

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात माणसं सहा, तोरा मात्र साठ जणांचा. परदेशी बस कंपनी नुकतीच इथे आली होती. इथले जुने कारखानदार बाजार धरून बसलेले, त्यामुळे पहिली ऑर्डर काही मिळेना. मी पन्नाशीला टेकलेला, पक्की नोकरी सोडून इथे आलेला. बायको रोज विचारायची, "खपली का रे एखादी बस?"

इथल्या रस्त्यांसाठी गाडी घडवण्याआधी तिकडून एक लांबलचक प्रश्नावली आली होती. ड्रायव्हरच्या बाजूची काच उघडणारी हवी का, असा त्यात एक प्रश्न होता. मी लिहिलं, गरज नाही. एसी गाडीला उघडणारी काच मागून आपण मागासलेले दिसू नये, एवढंच डोक्यात होतं. आणि हे लिहावं कुणी? गिरणी बंद पडल्यावर माझे वडील कोकणच्या गाडीवर क्लीनर होते. गाडी मागे घेताना ते पत्र्यावर थापा मारायचे. दोन हलक्या थापा म्हणजे येऊ दे, एक जोरात म्हणजे थांब. त्या थापांवर आमचं घर चाललं, मी शिकलो, आणि शहाणा झालो.

शेवटी बोरिवलीचे एक ट्रॅव्हल्सवाले गाडी बघायला तयार झाले. त्यांच्या आवारात त्यांचा सगळ्यात जुना ड्रायव्हर सीटवर बसला. मालवणकडचा, साठीला आलेला. आधी स्टिअरिंगला हात लावून त्याने नमस्कार केला. आमचा परदेशी इंजिनीयर बाजूला उभा राहून आतली शांतता कौतुकाने दाखवत होता आणि दुभाषा म्हणून मी.

गाडी मागे घ्यायची वेळ आली. समोरच्या स्क्रीनवर मागचं सगळं दिसत होतं, पण ज्याने जन्मभर कानाने गाडी मागे घेतली तो स्क्रीनकडे कशाला बघेल? आरशात मला मागे उभा असलेला त्यांचा क्लीनर दिसला. त्याचं तोंड उघडलेलं, तळहात पत्र्यावर आपटतोय, आणि आत काहीच ऐकू येत नाही. मग धाडकन आवाज झाला. मागची काच भिंतीवर.

मालक धावत आले. "बहिरा झालास का रे? वाट लावलीस!"

इंजिनीयरने मला विचारलं, काय झालं? ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला, "चूक माझीच. माका ऐकूकच येवक नाय."

पहिलं वाक्य मी इंजिनीयरला सांगितलं. दुसरं गिळलं.

वय झालं, कान गेले, असं म्हणून मालकांनी त्याला दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं. गाडी मात्र त्यांना आवडली होती, ऑर्डर मिळाली. मी तिकडे पत्र लिहिलं की ड्रायव्हरची काच उघडती करा, इथे त्याला बाहेरचं ऐकू यावं लागतं. इथली नस ओळखणारा माणूस म्हणून माझं कौतुक झालं. बायकोने शिरा केला. मी दोनदा मागून खाल्ला, याची आजही लाज वाटते.

वर्षभराने बोरिवलीतच एका सोसायटीत नातेवाइकांकडे गेलो, तर गेटवर तोच. वॉचमन झालेला. त्याने ओळखलं, स्वतःची खुर्ची पुढे केली.

"नव्या गाडीची काच उघडता म्हणे? बरा झाला. माझ्या चुकीचो कोणाक तरी फायदो झालो."

मला राहवलं नाही. ती प्रश्नावली, माझं उत्तर, ते गिळलेलं वाक्य, सगळं सांगून टाकलं. तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं,

"म्हंजे माझे कान बरे आसत?"

"तुमचे कान चांगले आहेत. त्या गाडीत कुणालाच ऐकू आलं नसतं. मलाही नाही आलं."

"घरात सगळे माझ्याशी आरडून बोलतत," तो म्हणाला. "मी पण तसाच समजान गप बसतंय."

मग त्याने दुसऱ्या वॉचमनला हाक मारून गेटवर बसवलं आणि टोपी काढून हातात घेतली.

"चला. घर मागच्याच गल्लीत आसा. ह्या सगळा माझ्या झिलाक, सुनेक सांगा."