सत्ताविसावा नमुना

तुमच्या स्वतःच्या मानेची मागची बाजू तुम्ही शेवटची कधी पाहिलीत? हे विचारलं की लोक हसतात. मीही हसले असते. पण आमच्या फुवांना ओळखणाऱ्याला या प्रश्नावर फार वेळ हसता येत नाही. उघड्यावर राहिलेल्या वस्तूंची त्यांच्याइतकी काळजी करणारा दुसरा माणूस अख्ख्या खानदेशात नसेल.

फुवा म्हणजे माझ्या आत्याचे, म्हणजे फुईचे यजमान. मूळचे धुळ्याचे. जळगावात पाइपाच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं तपासणीला होते. पाइपाचे तुकडे गच्चीवर उन्हात मांडायचे, ते कधी फिके पडतात, कधी तडकतात ते वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर हेच काम त्यांनी घरच्या गच्चीवर सुरू केलं. पाइप, फरशी, सुती कापड, सातपुड्यातून आणलेले काळे दगड असे सव्वीस नमुने, प्रत्येकाचा अर्धा भाग पत्र्याखाली, अर्धा उघडा. खाली घरात मोटारसायकलला खोळ, रिमोटला प्लॅस्टिक आणि त्या प्लॅस्टिकवर हातरुमाल. एसटीत चढताना ते आधी सूर्य कुठे आहे ते बघणार आणि मगच सावलीची बाजू धरणार. एकदा वऱ्हाडाच्या बसमध्ये त्यांनी वरमाईलाच उठवून पलीकडे बसवलं. "विहीनबाई, शालूना रंग उडी जाई!" मी उन्हात राबणाऱ्यांसाठी पत्रकं काढते. फुवा प्रत्येक पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि विचारतात, "कागद उन्हात कितला दिन टिकी?"

पण त्यांचा खरा घोर चंद्राचा. संध्याकाळी दुर्बीण माझ्या हातात देऊन ते म्हणायचे, "दख माय, याले हवाच नही. पांघरूणच नही!" मग सगळं समजावून सांगायचे. आपल्याकडे दगड झिजतो तो वाऱ्यापावसाने. चंद्रावर दोन्ही नाहीत, तरी तिथली जमीन म्हातारी होते. सूर्याकडून येणारे बारीक कण आणि वाळूहून लहान दगड अडवायला तिथे कोणीच नाही. ते धुळीच्या कणाकणावर आदळत राहतात. त्या कणांवर लोखंडाचा डोळ्याला न दिसणारा लेप चढतो आणि जमीन हळूहळू काळवंडते, जराशी तांबूस होते. म्हणून नवा खड्डा उजळ दिसतो, त्याच्याभोवती पांढरे पट्टे असतात, आणि जुना खड्डा आसपासच्या जमिनीत मिसळून जातो. अवकाशात फिरणाऱ्या लहान दगडांचंही थोडंफार असंच. एकदा फुईसाठी पोत घ्यायला गेले तर सराफालाच विचारू लागले, "हे सोनं चंद्रावर उघडं ठेवलं तर?" सराफ म्हणाला, "आबा, आधी बिल करू का?"

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी फुईने गल्लीतल्या बायका जमवून गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळत घातल्या. मीही मदतीला होते. वारा सुटला होता. बिबड्यांखालची साडी उडू नये म्हणून बायकांनी हाताला लागले ते दगड तिच्या कडांवर ठेवले. ते फुवांचे नमुने होते. कुठली बाजू वर होती हे कोण बघणार!

फुवा वर आले आणि मटकन खाली बसले. "बठ्ठं गयं! सहा वरीसनं काम!"

"अहो, काळेच व्हते, काळेच हायेत," फुई म्हणाली. "आता बिबड्या खासान की दगडं?"

फुवा गुडघ्यांवर रांगत एकेक दगड उलटून बघू लागले. तेवढ्यात कारखान्यापासून मानेला असलेला, अलीकडे झोपतानाही न सुटणारा त्यांचा रुमाल सुटला. फुईचा हात परातीत तसाच थांबला. मानेवर चिंचोक्याएवढा काळा डाग होता, कडा वेड्यावाकड्या, मधे ओलसर.

"हे केव्हापासून?" तिने विचारलं.

"दोन वरीस," फुवा रुमाल ओढत म्हणाले.

नमुन्यांशेजारी ठेवलेली त्यांची वही मी उघडली. सव्वीस नमुन्यांनंतर त्यांच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: "नमुना २७. मान. उघडा." खाली तारीखवार मापं, दोन आरशांत बघून घेतलेली. आधी मला हसू आलं, मग मी पहिली तारीख पाहिली. ज्याने तीस वर्षांत एकाही पाइपाचा अहवाल अडवला नाही, त्याने हा दोन वर्षं दाबून ठेवला होता.

मी भडकले. पाइपाला ऊन बाधू नये म्हणून त्यात काजळी घालतात. शिवारात केळीच्या घडालाही पिशवी मिळते. गच्चीवर तुकडे उलटत फिरणाऱ्या माणसाला साधी टोपी दिली नाही, तो रुमालही फुईने शिवलेला! "कारखान्यावर पत्रक काढते," मी म्हणाले. "पण तुम्हाला कळत होतं ना? मग दवाखान्यात का नाही गेलात?"

फुवा दगडाकडे बघत म्हणाले, "अहवाल ई जाई ना मग."

दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात निघालो. एसटीत फुवा सूर्य न बघताच बसले, नेमके उन्हाच्या बाजूला. फुई वाटभर खिडकीवर पदर धरून होती. डॉक्टरांनी डागाचा तुकडा काढून तपासणीला पाठवला. "झाकलेल्या बाजूचाही घेतला ना?" फुवांनी विचारलं. "नाहीतर तुलना कशाशी करणार?" डॉक्टर हसले. आम्ही दोघी हसलो नाही.

अहवाल पुढच्या आठवड्यात येणार आहे. फुईने सगळे दगड जागेवर लावून प्रत्येकावर अंदाजाने खडूने "वर" असं लिहिलंय. निम्मे चुकले असतील. काल संध्याकाळी दुर्बीण खाली ठेवून फुवा एवढंच म्हणाले, "नवा खड्डा काळा पडाले लई टाइम लागस, माय. मना कितला जुना व्हई?"

कारखान्यावरचं पत्रक मी काढणारच आहे. त्याआधी तुमच्याकडे एक मागणं. घरातल्या, शेजारच्या, उन्हात राबणाऱ्या एखाद्या माणसाला आज पाठमोरं बसवा, मानेवरचा रुमाल सोडा आणि नीट बघा. बदलत जाणारा डाग दिसला तर वहीत लिहीत बसू नका. त्याला धरून दवाखान्याच्या एसटीत बसवा. सावलीच्या बाजूला.