कोंड्यावर विकलेला कोंडू

घरात तीन लेकरं असली की किस्से शोधाले जा लागत नाही. रांजणाखाली जसा आपोआप चिखल होते, तसे ते जमत जातात. इतके जमतात की आधी कोणता सांगू नं मागून कोणता, हेच समजत नाही. त्यात माहा स्वभाव पहिल्यापासून संशयी. लेकरं भांडून राह्यली असली की मी बिनघोर. चूप झाली की हातातलं पीठ तसंच टाकून पळते! आमचे हे म्हणत, "तू चुकून वांग्याच्या मळ्यात आली. तुले सीआयडीत भरती व्हाले पाहिजे होतं!"

म्हणोत बापडे. पण कोंडूच्या बाबतीत माह्या जागी कोणीही बाई असती, तरी तिले संशय आलाच असता. ऐका नं मंग सांगा.

* * *

यशोदा मोठी. तिच्या पाठीवर नामदेव. नामदेवच्या पाठीवर दोन झाली नं दोन्ही पाळण्यातच गेली. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही. मंग कोंडू झाला, तवा माही सासू म्हणे, "हे विकून टाक."

आमच्याकडे तशी रीतच. लेकरं वाचत नसली की नवं लेकरू शेजारी विकायचं, सूपभर कोंड्यावर. म्हणजे यमाले वाटते, हे या घरचं नाहीच! लेकरू राहते आपल्याच घरी, दूधही आपणच पाजायचं. पण तिसऱ्या-पाचव्या वर्षी जावळ निघेपर्यंत त्याले तोंडानं 'माहं' म्हणायचं नाही. जावळाच्या दिवशी सूपभर ज्वारी द्यायची नं वापस घ्यायचं. कोंड्यावर गेला मून नाव कोंडू.

आता विकावं कोणाले? सासू म्हणे, "जिचं एकही लेकरू गेलं नाही, अशी बाई पाहा." आख्ख्या आळीत अशी एकच निघाली, आमच्या भिंतीपलीकडची गोदाक्का. तिचं एकही गेलं नव्हतं. झालंच नव्हतं, तर जाईन कुठून!

मी म्हणलं, "आत्याबाई, जिले एकही नाही, तिलेच लेकरू देऊन राह्यलो आपण. ती वापस देईन का?"

"अवं, रीत हाय ते. खरेदीखत थोडंच करून राह्यलो!"

गोदाक्का कोंडा घेऊन आली. सूप शीगोशीग भरलेलं! मी तवाच मनात म्हणलं, माल घेणारा माणूस कधी शीग लावून देते का? इथं काहीतरी पाणी मुरून राह्यलं.

* * *

लेकरू वाचलं. नुसतं वाचलं नाही, मातलं! बोलाले लागलं तर पहिला शब्द 'आई' नाही, 'बाबा' नाही. पहिला शब्द 'नाही'!

"कोंडू, जेवतो?"

"नाही."

"झोपतो?"

"नाही."

"बरं बाप्पा, जागा राह्य."

"नाही!"

एक दिवस आंघोळीसाठी मी त्याच्या मागं अंगणभर धावून राह्यली. पुढं तो, चिखलानं भरलेला नं नागडा. नामदेव ओट्यावर बसून शेंगा खात होता. म्हणे, "आई, तुले जमत नाही. याले उलटं सांगा लागते. पाह्य!" नं त्यानं आवाज दिला, "कोंडू, आंघोळ करू नको बरं का बे!"

कोंडू थांबला. नामदेवच्या तोंडाकडे पाहिलं. म्हणे, "बरं."

नं जाऊन त्याच्याच पुढ्यातल्या शेंगा खात बसला!

* * *

मोठ्या दोघांनी त्याले सांगून ठेवलं होतं की तू विकेल हाय. त्यांनी चिडवाले सांगितलं, पण या बहाद्दरानं त्याचा कायदाच करून टाकला. मी रागावली की कमरेवर हात ठेवून म्हणे, "मले बोलू नको. मी तुहा नाही. मी गोदाक्काचा!"

नं मले काही म्हणता येईना! 'माहाच हाय रे तू' असं म्हणलं, तर रीत मोडते. पुढं काही बरंवाईट झालं तर? असं वाटे की याले धरून बदडावं, नं असंही वाटे की गच्च पोटाशी धरावं. ते पोट्टं मात्र माही गंमत पाहून राह्यलेलं.

एका संध्याकाळी नामदेव चुलीपाशी येऊन बसला. तोंड एवढंसं. मी म्हणलं, "काय झालं बे?"

"आई, मले काऊन नाही विकलं?"

"कायले विकू तुले?"

"गोदाक्का कोंडूले रोज गूळ-खोबरं देते. मलेही विक ना!"

यशोदा भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणे, "तुह्यासाठी कोंडाही वाया कोण घालवते!"

* * *

गूळ-खोबरं! म्हणजे माहा संशय खराच होता. कोंडू घरी जेवत नव्हता. ताटावर बसला की दोन घास चिवडे नं उठे. मी त्याचं तोंड हुंगून पाहिलं तर तिळाचा वास. ओठाले तीळही चिकटेल.

मी नामदेवले बोलावलं. "जाय, गोदाक्काच्या अंगणात खेळ. ती कोंडूले काय खाऊ घालते, काय शिकवते, सगळं पाहून ये. कोणाले सांगू नको."

नामदेव गेला. बराच वेळ आला नाही. आला तवा ओठ चाटत आला.

"काय रे, काय देते ती?"

"काहीच देत नाही वं! तू उगीच संशय घेते. लय चांगली बाई हाय!"

त्याच्या सदऱ्यावर तिळाच्या लाडवाचा हा एवढा तुकडा! माहा हेरच फितूर झाला. दुसऱ्या दिवशी यशोदाले पाठवलं. ती हुशार, तोंड धुऊन आली!

* * *

पण सगळ्यात मोठी फजिती बुलढाण्याच्या बाजारात झाली. वांगी विकली गेली होती. हे बंडी जुंपाले गेले, नं मी यशोदा-कोंडूले घेऊन निघाली. वाटेत याले पिपाणी दिसली. मी म्हणलं, आज नाही. झालं! भर रस्त्यात आडवा पडला. मागं एक मोटार भोंगा वाजवून राह्यली, पुढं म्हशी. मी दंडाले धरून ओढलं, तर यानं बोंब ठोकली, "सोड! मी हिचा नाही! मले घरी नेऊन द्या!"

गर्दी जमली. गर्दीतून शिपाई आला, हा एवढा मिशाळ. मले म्हणे, "बाई, हे लेकरू कोणाचं?"

आता काय सांगू? 'माहं' तर म्हणता येत नाही. मी म्हणलं, "शेजारणीचं."

"शेजारीण कुठं हाय?"

"घरी."

"मंग लेकरू तुह्याजवळ कसं? तिले माहीत हाय का?"

माही बाजू घ्यावी मून यशोदा पुढं झाली नं म्हणे, "दादा, आमचंच होतं ते. पण आम्ही विकून टाकलं!"

"विकलं? कशावर?"

"कोंड्यावर!"

बाया मागं सरकल्या. एक म्हणे, "मायबाई! ढोरंही इतक्या स्वस्त नाही जात!" शिपायानं मिशीले पीळ दिला. "चाल चौकीवर. याचा रिपोट नागपूरपर्यंत जाईन!" मले वाटलं, लेकरू तर जातेच, वरून मीही जाते. तेवढ्यात त्यानं खाली वाकून विचारलं, "बाळा, नाव काय तुहं?"

"नाही!" कोंडू म्हणे.

"कोंडू नाव हाय त्याचं," यशोदा म्हणे.

शिपाई सरळ झाला. पाहतच राह्यला त्याच्याकडे. मंग इतका हसला, इतका हसला, की त्याचा फेटा सुटाले आला. "अवं बाई, आधी नाही का सांगाव! माहं नाव उकर्डा. मले माह्या मायनं उकिरड्यावर टाकून उचललं होतं. जाय, घेऊन जाय!"

मी कोंडूले काखेत मारून निघाली. मागून त्यानं आवाज दिला, "पण बाई, टाइमावर वापस घेजो बरं! दुसऱ्याच्या घरचं गूळ-खोबरं लय गोड लागते!"

याले गूळ-खोबऱ्याचं कोणी सांगितलं, यावर मी घरी येईपर्यंत विचार करून राह्यली होती.

* * *

नं मंग ती काट्याची गोष्ट. हसाची नाही, पण सांगते. कोंडूच्या पायात बाभळीचा काटा गेला. आमच्याच अंगणात. मी तिथंच मिरच्या निवडून राह्यली, त्याच्यापासून हातभर अंतरावर. यानं रडत रडत माह्याकडे पाहिलं, नं मले ओलांडून लंगडत गेला गोदाक्काच्या दारात!

माहं काळीज जळलं. खोटं कायले बोलू? त्या दिवशी मी जेवली नाही.

गोदाक्का काटा काढून त्याले कडेवर घेऊन आली. मी म्हणलं, "काऊन वं, तू त्याले बोलावते का?"

"नाही वं बाई. तोच येते." नं मंग म्हणे, "जावळ कधी काढता?"

आला का नाही संशय? हिले जावळाची कायची घाई? का उशीर व्हावा असं वाटते? मी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणे, "तिनं नुसतं विचारलं." नुसतं कोणी काही विचारत नसते! मी त्याच आठवड्यात जोशीबुवाकडून दिवस काढून आणला.

* * *

जावळाचा दिवस उजाडला. जावळ मामाच्या मांडीवर निघते, मून धामणगाव बढ्याहून माहा भाऊ आला. म्हाली ओट्यावर वस्तरा पाजळून राह्यला. पुरण शिजलं. मी स्वतः ज्वारी पाखडून सूप भरलं, शीग लावून. कोणी म्हणाले नको की कमी दिली.

नं कोंडूचा पत्ता नाही!

गोदाक्काच्या दाराशी गेली, तर आतून कडी. आमच्या आळीत दिवसा कोणी कडी लावत नाही. मी वळून ह्यांना म्हणलं, "पाहा! सांगत नव्हती मी?" नं दार बडवलं. "गोदाक्का, दार उघड! उघड वं, नाही तर लाथ घालीन!"

कडी निघाली. कोंडू बाजीवर बसलेला. आंगात नवं कोरं अंगडं, डोळ्यात काजळ, केसाले तेल लावून दोन येण्या घातलेल्या.

"केस आज जाणार ना," गोदाक्का म्हणे, "मून एकदा विंचरले."

मी सूप उंबऱ्यावर ठेवलं. सासूनं रीतीप्रमाणं विचारलं, "गोदा, हे लेकरू आमाले वापस देते का?"

"देते." इतकंच.

मी हात पुढं केले. "चाल कोंडू."

"नाही!" नं त्यानं तिच्या लुगड्यात तोंड खुपसलं.

मामानं पेढा दाखवला. नाही. ह्यांनी डोळे वटारले. नाही. यशोदा रडाले लागली. दारात आळी जमा झाली. कोणीतरी मागून म्हणे, "लागला लळा! आता कायचा येते तो!" मले वाटलं, आता गोदाक्का म्हणते, राहू द्या आजचा दिवस. नं आजचा राह्यला की कायमचाच राह्यला.

गोदाक्कानं त्याची बोटं लुगड्यातून सोडवली. त्याले समोर उभं केलं. नं फाडकन अशी एक चापट त्याच्या गालावर ओढली, की ओट्यावरचा म्हाली उठून उभा राह्यला!

"चालता हो माह्या घरातून! मी कोण लागते तुही? जाय!"

जिनं त्याले कधी 'अरे' म्हणून हाक मारली नव्हती, ती! कोंडू आधी रडलाच नाही, नुसता पाहत राह्यला. मंग त्यानं टाहो फोडला नं "आई वं!" करत माह्या आंगावर येऊन पडला. मी उचलला. "माहा रे माहा, माहा तू," म्हणत राह्यली. लोक म्हणाले, झालं, झालं, चाला, जावळाचा टाइम टळते.

गोदाक्का आमच्याकडे पाठ करून बाज झाडून राह्यली होती. आम्ही बाहेर निघालो तसं तिनं दार लोटलं. आतून कडी लागली.

सासूची नजर उंबऱ्यावर गेली. "अवं! तिनं ज्वारी तर घेतलीच नाही! दार वाजव, दार वाजव! ज्वारी घेतल्याबिगर सौदा फिटत नाही. लेकरू तिचंच राहते!"

"राहू द्या तिचंही, आत्याबाई," मी म्हणलं, नं सूप उचलून घरी आली.