चांदणीच्या ओळी

माझ्या लग्नाची पत्रिका सासरच्यांनी छापून आमच्याकडे पाठवली, तेव्हा मी ती लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवली. पाच चुका होत्या. त्यातल्या दोन तर होणाऱ्या सासऱ्यांच्या पदवीतच होत्या. लग्न मोडलं नाही, हा सासरच्यांचा मोठेपणा. पण चूक त्यांचीच होती, हे मी आजही म्हणते.

ही खोड मला पालघरला काकांच्या छापखान्यात लागली. शाळेत असल्यापासून मी तिथं प्रुफं वाचायचे. मच्छीमार सोसायट्यांचे अहवाल, सत्यनारायणाची निमंत्रणं, इंग्रजी शाळेच्या प्रश्नपत्रिका, जे येईल ते. पुढे बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकलच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा डब्याबरोबर ही खोडही रोज घेऊन जायला लागले. गेटजवळच्या सुरक्षेच्या पाटीवरचं इंग्रजी मी जेवणाच्या सुट्टीत पेंटरकडून ब्रश मागून घेऊन सुधारलं. त्याबद्दल मला मेमो मिळाला. मेमोतही एक चूक होती. ती गोल करूनच मी मेमोवर सही केली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या टाइम ऑफिसात कॉम्प्युटर आला. टाइम ऑफिस म्हणजे गेटला लागून असलेली खोली. कामगारांची हजेरी आणि पाळ्या तिथं ठरायच्या. कोणाला कुठली पाळी, कोणी कुठल्या बसने यायचं, याचा आठवड्याचा तक्ता पूर्वी हाताने बनायचा आणि दर सोमवारी त्यावरून भांडणं व्हायची. आता तो तक्ता एक प्रोग्राम बनवणार होता. हा प्रोग्राम कोणी विकत घेतला नव्हता. तो शेजारच्या कारखान्यातून फ्लॉपीवर आला होता, आणि त्यांच्याकडे त्यांच्या शेजाऱ्यांकडून.

वसाहतीत तेव्हा तशी रीतच पडली होती. प्रोग्राम हवा तर न्यावा, तोही नुसता चालवण्यापुरता नव्हे, आतल्या सगळ्या लिखाणासकट. आपल्याला हवे ते बदल करावेत आणि बदललेला प्रोग्राम पुन्हा फिरायला सोडावा. बदल करणाऱ्याने वर स्वतःचं नाव लिहावं. फ्लॉपी पाळीच्या बसने जायची. बोईसर स्टेशनसमोर सगळ्या कारखान्यांच्या बस उभ्या राहायच्या, तिथं एक ड्रायव्हर दुसऱ्याला पाकीट द्यायचा. एकाने ते पाकीट पुढच्या काचेखाली लोहचुंबकावर बसवलेल्या गणपतीच्या पायाशी ठेवलं, आणि चार कारखान्यांची मेहनत पुसून गेली. ड्रायव्हर म्हणाला, देवाच्या पायाशी ठेवलं ते काय वाईट केलं? बऱ्याच वर्षांनी कोणीतरी मला ओपन सोर्स म्हणजे काय ते समजावून सांगायला बसला. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग त्याला आमच्या बसबद्दल सांगितलं.

त्या प्रोग्राममध्ये काही ओळींच्या आधी चांदणी, म्हणजे कीबोर्डवरचं ते ताऱ्यासारखं चिन्ह, असायची. चांदणी दिसली की मशीन ती ओळ सोडून पुढे जायचं. ती ओळ माणसांसाठी. हे असं का केलं, इथं हात लावू नका, असं पुढच्या माणसाला सांगायला. मी जेवणाच्या सुट्टीत त्याच कॉम्प्युटरवर पत्रं टाइप करायचे, तिथं मला या ओळी सापडल्या. मशीनची भाषा मला काडीची कळत नव्हती, पण चांदणीच्या ओळी इंग्रजीत होत्या, आणि काय ते इंग्रजी.

यातल्या बहुतेक ओळी आमच्या टाइमकीपरने लिहिलेल्या होत्या. तिशीचा, मनोरपलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा, टेम्पररी. आश्रमशाळेत शिकलेला. बोलायचा कमी, आणि बोलला तरी कार्ड पंच करणाऱ्या मशीनकडे बघून. कॉम्प्युटर त्याला कोणी शिकवला नव्हता. तो फ्लॉपीवर आलेलं वाचत गेला आणि वाचता वाचता लिहायला लागला. शेजाऱ्यांकडून आलेला प्रोग्राम नुसतेच रकाने भरायचा. त्याला अक्कल या माणसाने दिली. भातकापणीच्या आठवड्यात आतल्या गावांच्या माणसांना रात्रपाळी देऊ नका, ते येणार नाहीत, आणि का आला नाहीत असं विचारूही नका. नारळी पौर्णिमेला सातपाटीवाल्यांची नावं तक्त्यात घालू नका. अमुक दोघे सख्खे भाऊ आहेत, दोघांना एकदम रात्री बोलावलं तर घरी म्हातारीजवळ कोणी नसतं. हे सगळं चांदण्यांमागे लिहिलेलं होतं.

तेव्हा मला यातलं काहीच दिसलं नाही. मला फक्त स्पेलिंग दिसलं. शिफ्ट या शब्दातला एफ त्याने जवळजवळ सगळीकडे खाल्ला होता. एफ काढला की काय उरतं ते मी सांगत बसत नाही. सेकंड, नाइट, जनरल, सगळ्या पाळ्यांचं तेच झालं होतं. मी एक पान छापून घेतलं आणि कँटीनमध्ये बायकांच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं. लॅबमधली एक जण हसता हसता ताकाचा पेला कलंडून बसली. मागच्या टेबलावर टाइमकीपर जेवत होता, हे मला उठल्यावर कळलं. तो ताट घासायला निघाला होता. हातातल्या ताटाकडे बघत म्हणाला, "मॅडम, चुकलेला दिसतो तर नीट करून द्या. मला कोन सांगनार?"

मी वरमले, पण फार वेळ नाही. कोणी आपण होऊन प्रूफ हातात देतंय, हा आनंद मोठा होता. पुढचे दोन महिने जेवणाची सुट्टी मी त्या चांदण्यांमध्ये घालवली. प्रोग्राम कसा वापरायचा याची माहिती देणारं एक पुस्तकही त्याने लिहिलं होतं, तेही घेतलं. आधी स्पेलिंग, मग काळ, मग वाक्यं. वाक्यं सुधारता सुधारता मला चेव आला. 'येणार नाहीत, विचारू नका' याचं मी असं काही भारदस्त इंग्रजी केलं की कलेक्टर कचेरीतून आल्यासारखं वाटावं. आमचं छापील पुस्तक बघून तीन कारखान्यांनी प्रोग्राम मागवला, आणि मी गावभर मिरवले.

त्याच सुमारास कारखान्यात वेगळी कॉम्प्युटरची खोली झाली. एसी, काचेचा दरवाजा, चपला बाहेर काढून आत जायचं. तिथं एक पर्मनंट माणूस घ्यायचा होता, शक्यतो आतलाच. टाइम ऑफिसात मात्र आता एवढी माणसं लागणार नव्हती, आणि टाइमकीपरची टेम्पररीची मुदत महिनाअखेर संपत होती. ती जागा मिळाली तर तो कायमचा होईल, नाही तर गेटबाहेर. हे सगळ्यांना माहीत होतं. प्रोग्राम त्यानेच लिहिलाय, तेव्हा जागा त्याचीच, असं सगळे धरून होते. पर्सोनेल मॅनेजर सोडून.

हे साहेब मुंबईहून यायचे आणि दुपारी चारनंतर घड्याळाकडे बघत बसायचे. त्यांनी ते पुस्तक वाचलं, टाइमकीपरला बोलावलं आणि विचारलं, हे कोणी लिहिलं? तो म्हणाला, "मी लिवलाय." साहेब हसले. इतकं नेटकं इंग्रजी याचं असणं शक्य नाही, असं त्यांचं ठरलं. असलं इंग्रजी कारखान्यात कोणाचं आहे, हे त्यांना मेमोच्या वेळेपासून ठाऊक होतं. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "बाई, एवढं काम करून ठेवलंत आणि बोलला नाहीत? त्या खोलीत तुम्हीच बसा."

मी तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "बघते, साहेब." कारण मला ती खुर्ची हवी होती. मे महिना होता, टायपिंगच्या खोलीत पत्रा तापलेला आणि बाहेरून केमिकलचा वास. दोन दिवस मी एसीच्या विचारात गारठत होते. मनाला समजावत होते की शेवटी ते पुस्तक वाचनीय कोणी केलं? माझी मला अजून लाज वाटते त्या दोन दिवसांची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कार्ड पंच केलं. टाइमकीपर खिडकीत होता. तो मशीनकडेच बघत म्हणाला, "मॅडम, तुमाला तितं पंखा नाय लागायचा आता." आवाजात राग नव्हता. त्याची खात्री झाली होती की मी ती जागा घेणार, आणि ती खात्री मीच दोन दिवस गप्प बसून करून दिली होती.

मी तडक साहेबांकडे गेले. प्रोग्राम त्याचा आहे, माझं फक्त इंग्रजी, असं सांगितलं. साहेबांना वाटलं मी विनय दाखवतेय. "तुमच्यासारखी माणसंच मागे राहतात," असंही म्हणाले. खरं बोलून उपयोग होत नाही म्हटल्यावर मला नेहमीसारखा चेव चढला. म्हटलं, "मग साहेब, आमची परीक्षाच घ्या. दोन नंबरची बस बंद पडलीय. पुढच्या आठवड्यात तिची माणसं एक नंबरच्या बसमध्ये बसतील असा तक्ता बनवायचाय. आधी मी बनवते, मग त्याला बसवा."

दुपारी साहेब काचेच्या खोलीत मोजे घालून येऊन बसले. मी मशीनसमोर बसले आणि मला येत होतं ते सगळं केलं. दोन स्वल्पविराम घातले, एक काढला. मग प्रोग्रामकडे जरा वेळ टक लावून बघितलं. बघून तो काही बदलला नाही. अर्धा तास झाल्यावर साहेब म्हणाले, "बाई, तक्ता?" मी म्हटलं, "साहेब, तक्ता काही मला यायचा नाही. पण नोटीस बोर्डावर तुमचं जे परिपत्रक लावलंय, त्यात सात चुका आहेत. तेवढ्या वेळात त्या काढल्या. ही घ्या प्रत." साहेबांचा चेहरा बघून मला जे सुख झालं, ते एसीने झालं नसतं.

मग टाइमकीपर बसला. अनवाणी, दोन बोटांनी टाइप करत. मध्येच त्याने वळून साहेबांना विचारलं, "पैली पाळी सुटायच्या टायमाला बस स्टेशनात थांबल का थेट सातपाटीला जाईल? थेट गेली तर सफाळ्याच्या मानसांची गाडी चुकंल." साहेबांनी हे कधी विचारातच घेतलं नव्हतं. मग त्याने स्वतःच ठरवलं, खाली चांदणी टाकून का ठरवलं ते लिहिलं, आणि प्रिंटर करकरत तक्ता बाहेर ओकू लागला. साहेबांनी तक्ता पाहिला नाही. ते वाकून चांदणीची ओळ वाचत होते. चारच शब्द धड होते, माझा हात लागायच्या आधी सगळ्या ओळींत असायचे तसे. वाचून ते सरळ झाले आणि म्हणाले, "हं. म्हणजे यानेच लिहिलंय."

महिनाअखेर तो पर्मनंट झाला. बायकोने पाड्यावरून नाचणीच्या भाकऱ्या बांधून दिल्या, त्या त्याने मला आणून दिल्या.

पुढच्या आठवड्यात फ्लॉपी पुन्हा बसने निघायची होती. बाकीचं सगळं मी तपासलं, पण परीक्षेच्या दिवशीची ती चांदणीची ओळ सोडून दिली. तिला कधीच हात लावायचा नाही, असं मी ठरवलं होतं. त्याची जागा त्या ओळीने वाचवली, तेव्हा ती तशीच राहावी. या विचाराने मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

काचेच्या दारातून त्याने मला हाक मारली. "मॅडम, ह्या एक राह्यला तुमचा."

"राहिलं नाही," मी म्हटलं, "मुद्दाम ठेवलंय. ती तुमची खूण आहे."

तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला. "सायबाला माझा हाय ते पटाया चुका लागल्या. मला नाय लागत. पोरगी माझी शाळेत जाते, उद्या येऊन वाचंल ती. नीट करून द्या."

मग खुर्ची माझ्याकडे सरकवत म्हणाला, "पन मॅडम, स्पेलिंग तेवढा करा. वाक्य माझा राहू द्या."

मी बसले. चूक काढली, मग दुसरी, तिसरी. वाक्य अर्ध्यात मोडल्यासारखं वाटत होतं, एका शब्दाने सरळ झालं असतं. तो माझ्या खांद्यामागे उभा राहून वाचत होता. मी हात मांडीवर घेतले आणि म्हटलं, "झालं."