त्या रंगाचं जॅकेट

डिसेंबर लागला तसा निशाचा फोन आला. ब्रह्मपुरीला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती ती. फोनवर आधी खोकली, मग म्हणाली, "माय, मले जॅकेट पायजे. स्वेटर नाई, जॅकेट. टोपीवालं."

सुकरीबाई तेव्हा अंगणात धान पाखडत होती. सूप खाली ठेवून ती फोन घेऊन बोरीच्या झाडाखाली गेली, कारण त्यांच्या गावात, कोसमटोल्यात, आवाज नीट यायची तेवढीच जागा.

"शाळेचा स्वेटर काय झाला तुहा?"

"तोच घालून राह्यली ना माय. बाह्या इथंवर येतात." इथंवर म्हणजे कुठवर हे फोनवर दिसत नव्हतं, पण सुकरीबाईला दिसलं. आश्रमशाळेचा तो मरून रंगाचा स्वेटर तिनेच धुतला होता कितीदा. छातीवरचा शाळेचा बिल्ला उसवून काढला होता, पण त्या जागी लोकर गडद राहिली होती, गोल. "पोरी म्हणतात, तू अजून शाळेतच हायेस काय? सकाळच्या ड्युटीले मरनाचं धुकं असते माय. सगळ्यांजवळ जॅकेट हाये."

सुकरीबाई बरं म्हणाली. फोन ठेवून ती परत सुपाकडे आली, पण पाखडायला बसली नाही. जंगलात एकटी मोहफूल वेचायला जाणारी बाई ती, अस्वलाचा माग दिसला तरी टोपली टाकून न पळणारी. पण दुकानात उभं राहून कपडा निवडायचा म्हटलं की तिचे हात गार पडत. आपण काहीतरी गावंढळ उचलू, पोरीचं सगळ्यांत हसं होईल, आणि आपल्याला तोंडावर सांगणार नाही, ही तिची भीती.

नवऱ्याला, बिरजूला, तिने सोबत चलता का म्हणून विचारलं. तो शेकोटीपाशी चादर पांघरून बसला होता. थंडी कितीही असो, बिरजू चादरच पांघरायचा. "तूच जा," तो म्हणाला. बाजारगर्दीत तो वर्षानुवर्षं जात नव्हता, हे सुकरीबाईलाही माहीत होतं. तिने फक्त विचारायचं म्हणून विचारलं.

धानोऱ्याहून गडचिरोली, तिथून आरमोरी, मग वैनगंगेचा पूल. बसमध्ये खिडकीची काच बसत नव्हती. सुकरीबाईने मोहफूल विकून जपून ठेवलेले पैसे पोलक्याच्या आतल्या खिशात ठेवले होते आणि दर थांब्यावर ती हात लावून पाहत होती. ब्रह्मपुरीच्या स्टँडवर निशा उभी दिसली. शाळेचाच स्वेटर, मनगटं उघडी, ओठ फुटलेले. सुकरीबाईला वाटलं पोरीला जवळ घ्यावं, पण निशाच्या दोन मैत्रिणी सोबत होत्या. ती नुसतीच "खाल्लं काय वं?" म्हणाली.

मैत्रिणी कोपऱ्यावर निघून गेल्या आणि मायलेकी स्वेटरच्या बाजारात आल्या. दर हिवाळ्याला तिथे तिबेटी लोक ताडपत्र्या बांधून दुकानं लावतात. बांबूवर हँगर, हँगरवर रंगच रंग. निशाने रस्त्यातच बजावलं होतं, "माय, भाव करताना मोठ्यानं नको बोलू."

पहिल्या दुकानात जांभळं होतं, पण त्याची चेन अर्ध्यावर अडकत होती. दुसऱ्यात गुलाबी मिळालं, ते इतकं पातळ की सुकरीबाईने आतून बोटं धरली तर नखं दिसली. एक काळं जॅकेट निशाला फार आवडलं. घालून ती आरशासमोर उभी राहिली तेव्हा शहरातलीच कोणी वाटली. सुकरीबाईने हळूच भाव विचारला आणि तितक्याच हळू ते परत टांगलं. निशाने केस कानामागे सारले, लहानपणी रडू आवरताना सारायची तसे.

चौथं दुकान एका वयस्कर तिबेटी बाईचं होतं. ती निशाकडे बघून म्हणाली, "तुझ्या मापाचं एकच उरलं आहे, बेटा. घालून तर बघ." बाई चांगली मराठी बोलत होती. अर्जुनी मोरगावकडच्या तिबेटी वसाहतीतच वाढले, म्हणाली.

तिने गठ्ठ्यातून जॅकेट ओढून काढलं. आत मऊ लव, टोपीला झालर, कमरेशी दोरी. निशाने घातलं तर खांद्यावर असं बसलं की जणू मापानेच शिवलेलं. भावही त्यांना झेपेल असा. निशा आरशात वळून वळून बघत होती. "माय! हेच!"

सुकरीबाई मागे सरकली. मागच्या पाटीला तिचा धक्का लागला. जॅकेट हिरवं होतं. पानासारखं नाही, साडीसारखंही नाही. मातकट, शेवाळी, जंगलात उभं राहिलं तर दिसूच नये असं हिरवं.

"काढ."

"काऊन?"

"काढ म्हणलं ना! तो रंग नाई."

बाजूच्या गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. निशाचा चेहरा लाल झाला. तिने जॅकेट उतरवलं, घडी न घालता तसंच टेबलावर ठेवलं आणि बाहेर जाऊन रसवंतीच्या बंद गाड्याशी उभी राहिली. सुकरीबाई तिच्या मागे गेली.

"सगळे घालतात माय हाच रंग. फॅशन हाये. तुले नसन द्यायचं तर सरळ सांग."

सुकरीबाईने आजूबाजूला पाहिलं. एवढ्या वर्षांत ती हे कोणाजवळच बोलली नव्हती. भर बाजारात, गाड्याला टेकून, इतक्या हळू आवाजात तिने सांगितलं की निशाला वाकून ऐकावं लागलं.

"तू पोटात होती तवाची गोष्ट हाये. तुह्या बाबानं धानोऱ्याच्या बाजारातून स्वेटर घेतला होता. असाच हिरवा, वर्दीवानी. लय हौस होती त्याले तवा कपड्याची. तो घालून बांबू तोडाले गेला. बंदूकवाल्यायनं धरलं. हा स्वेटर कोनं दिला, कोनाचा मानूस हायेस तू, म्हणून."

"कोण बंदूकवाले?"

"ते नको इचारू. चार-पाच दिवसानं आला घरी. स्वेटर नाई, चप्पल नाई. कमरेतून वाकून चालत होता. मंग दुसरे बंदूकवाले आले. तिकडं काय सांगून आला, म्हणून. आम्ही रातोरात मामाच्या गावाले गेलो. तू तिथीच झाली." तिने परत आजूबाजूला पाहिलं. "तवापासून घरात तो रंग नाई. तुह्या बाबानं त्या दिवसापासून अंगात गरम कपडा नाई घातला."

घरात हिरवी ताडपत्रीसुद्धा का येत नाही, सरकारी योजनेतला रेनकोट मायने शेजारच्या मंगलीला का देऊन टाकला, हे निशाला कधी उमगलं नव्हतं. ती म्हणाली, "मले कोनी नाई सांगतलं."

"सांगून काय करतो?"

"चल माय. नको घेऊ. माहा स्वेटर हाये ना."

तिने बाह्या खाली ओढल्या. त्या मनगटापर्यंत आल्या नाहीत. सुकरीबाईला त्या उघड्या मनगटांकडे बघवेना. इथे जंगल नव्हतं, बांबू नव्हता. इथे पोरी हाच रंग घालून चहा पीत होत्या आणि कोणी त्यांना काही विचारत नव्हतं. दिवस पालटले आहेत, असं सगळे म्हणत होते. तिला स्वतःला ते पटत नव्हतं. पण पोरीचा खोकला तिने फोनवर ऐकला होता.

"इथीच घालशीन?" तिने विचारलं. "गावाले नाई आननार?"

"नाई आननार."

"माह्या गळ्याची शपथ घे."

निशाने घेतली. सुकरीबाईने परत जाऊन जॅकेट घेतलं. भावही केला नाही. तिबेटी बाईने स्वतःच थोडे कमी केले आणि पिशवीत घालताना एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

घरी बिरजूने विचारलं, "कोनत्या रंगाचं घेतलं?"

"काळं," सुकरीबाई म्हणाली.

मग सुरू झाली तिची खरी काळजी. निशा फोनवर हसून बोलली की ती विचारायची, "घातलं हाये काय आता?" संध्याकाळी रस्त्याला गाडीचा आवाज आला की ती हातातलं काम सोडून कान द्यायची. एकदा स्वप्नात तिने ते जॅकेट बांबूच्या बेटात टांगलेलं पाहिलं, आत कोणी नव्हतं. बिरजूशी आपण खोटं बोललो याचीही टोचणी होती. पण खरं सांगायची हिंमत होत नव्हती.

जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास, एका दुपारी फोन वाजला. "माय, सुट्टी लागली. मी येऊन राह्यली. धानोऱ्यात बसली हाये बसमधी."

"जाकीट कुठी हाये?" सुकरीबाईने पहिलं तेच विचारलं. पलीकडून फक्त खरखर आली. फोन तुटला आणि मग लागलाच नाही.

बस गावात येत नाही. फाट्यावर सोडते, तिथून जंगलातून पायवाट. बिरजू सायकल घेऊन निघाला. अंगात सदरा, डोक्याला गमछा. सुकरीबाईने चादर पुढे केली तर म्हणाला, "सायकलच्या चाकात जाते ते." तिला त्याला सांगायचं होतं की पोरीच्या अंगात कसला रंग असेल ते. शब्द तोंडापर्यंत आले. तो पायडल मारून निघूनही गेला.

दिवस कलला. येतील आता, असं म्हणता म्हणता सागाच्या झाडांमागे सूर्य गेला. मंगली विस्तव मागायला आली आणि "पोरगी आली काय?" विचारून गेली. सुकरीबाईने भाताचं आधण ठेवलं, उतरवलं, परत ठेवलं. कोणी वाटेत अडवलं असेल. कोणी विचारत असेल, हे जाकीट कोणी दिलं. आणि बिरजू? तो रंग असा अवचित समोर बघून त्याचं काय झालं असेल? शेवटी चुलीतली लाकडं मागे ओढून, बॅटरी घेऊन ती वाटेला लागली.

नाल्यापर्यंत गेली असेल. समोरून कोणी येत होतं. तिने बॅटरी लावली आणि उजेडात तो रंग दिसला. आत बाईमाणूस नव्हतं, पुरुष होता. कमरेतून जरा वाकून चालणारा. सुकरीबाईच्या हातातली बॅटरी खाली पडली.

"कोन? सुकरी?"

बिरजूचा आवाज होता. तिने बॅटरी उचलली. जॅकेट बिरजूच्या अंगात होतं. चेन लागत नव्हती, बाह्या कोपराच्या थोड्या खाली संपत होत्या, झालरीची टोपी गमछ्यावरून डोक्यावर. मागे निशा सायकल ढकलत होती, अंगात शाळेचा स्वेटर.

"मी नाई घातलं माय," निशा घाईघाईने म्हणाली. "थंडी होती म्हणून आनलं, पन गडचिरोलीतच बॅगमधी टाकलं होतं. सायकलले बॅग बांधताना बाबाच्या हाताले लागलं. मी म्हणलं परत ठेवतो, तर ऐकलंच नाई."

"काढा ते!" सुकरीबाई ओरडली आणि लगेच आवाज दाबला. "काढा आधी."

"थंडी वाजून राह्यली होती," बिरजू म्हणाला. "गरम हाये हे. तू तर काळं म्हणली होती."

तो पुढे चालू लागला. सुकरीबाई सर्वांत मागून आली, दोन्ही बाजूंच्या झाडांवर बॅटरी मारत. नाल्यापलीकडे काहीतरी खसखसलं तेव्हा तिने निशाचा दंड इतका आवळला की पोरगी कळवळली. रानडुक्कर होतं. निघून गेलं.

घरी आल्यावर बिरजूने लगेच जॅकेट काढलं नाही. जेवला तेही घालूनच. मग शेकोटीपाशी बसून त्याने आपणहून निशाला सांगायला सुरुवात केली. सुकरीबाईचा हात भांडी घासता घासता थांबला. पण त्याने मारहाणीचं काही सांगितलं नाही, बंदुकांचंही नाही. त्याने फक्त तो जुना स्वेटर कसा होता ते सांगितलं. गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या होत्या. बाजारात त्याने आणि एका मित्राने तो एकाच वेळी पाहिला आणि आधी याने हात घातला. घरी आणून पहिल्या दिवशी झोपतानाही काढला नव्हता. "तुही माय हसली होती मले," तो म्हणाला. "इचार तिले."

"हो," सुकरीबाई म्हणाली. खरंच हसली होती ती. ते ती विसरून गेली होती.

सुट्टी संपेपर्यंत जॅकेट आत खुंटीला होतं, त्यावर सुकरीबाईने लुगडं टाकून ठेवलेलं. निशा ते घेऊन गेली त्या दिवशी सुकरीबाईला हायसं वाटलं. आजही तो रंग तिला सहन होत नाही. कोणी घातलेला दिसला की ती वाट सोडून बाजूला होते.

यंदा थंडी पडायला लागली तेव्हा बिरजूच म्हणाला, ब्रह्मपुरीला जाऊन येऊ. सुकरीबाईला वाटलं, गंमत करून राह्यला. पण तो खरंच बसमध्ये बसला, खिडकीशी. स्वेटरच्या बाजारात गर्दी बघून पहिल्यांदा दुकानाच्या दोरीलाच धरून उभा राहिला. मग आत शिरला. निळं घातलं, काढलं. राखाडी घातलं, काढलं. आरशात मागून कसं दिसतं ते निशाला विचारलं. तिबेटी बाईने दोघींसाठी स्टूल मागवले, चहा मागवला. सुकरीबाई चहाचा कप धरून सारखी रस्त्याकडे बघत होती. शेवटची बस चुकणार हे तिला दिसत होतं, आणि घरी बकऱ्या मंगलीच्या भरवशावर होत्या.

"घ्या ना एखादं," ती म्हणाली. "बस जाईन."

"थांब," बिरजू आरशातून न वळता म्हणाला. "ते चॉकलेटी दाखव वं बाई, वरचं."