भाषाशाळेआधीचे रविवार

मार्चमध्ये लंडनच्या एका विद्यापीठाने मला जपानी साहित्याच्या एम.ए.ला प्रवेश देऊ केला. पण प्रवेशाच्या पत्राच्या शेवटी एक परिच्छेद होता, तो वाचून मी बराच वेळ स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. तुमचं वाचन उत्तम आहे, असं त्यात लिहिलं होतं. मात्र कान तयार नाही. हवं असल्यास तुमची जागा एक वर्ष राखून ठेवू, त्या वर्षात जपानमध्ये जाऊन एखाद्या भाषाशाळेत शिकून या. सक्ती नाही. जूनअखेर कळवा.

कान तयार नाही हे खरं होतं. मुलाखतीत प्राध्यापिकाबाईंनी दिलेला उतारा मी न अडखळता वाचला, त्याचा अर्थ सांगितला. मग त्या सहज, हसत, जपानीतून काहीतरी म्हणाल्या आणि मला एक अक्षर कळलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं, शेवटी इंग्रजीत सांगितलं. येताना पाऊस लागला का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

जपानी मी पुण्यात शिकले, नोकरीसाठी. आमच्या कंपनीचा क्लायंट जपानी होता. तिकडून येणारी जाडजूड कागदपत्रं वाचायची आणि ईमेलला ईमेलने उत्तर द्यायचं, हे माझं काम. त्यातूनच कधीतरी गोष्टी वाचायला लागले, आणि मग सुटलंच नाही. लंडनजवळ मेडनहेडला दुसऱ्या कंपनीत आले तेव्हा जपानीचा कामाशी काही संबंध उरला नव्हता, तरी रोज सकाळी ऑफिसआधी मी दोन पानं वाचायचे. पानावरची ती माणसं माझ्याशी कधी मोठ्याने बोललीच नव्हती. कधीकधी स्वप्नात मी जपानी ऐकायचे. कुणीतरी शांतपणे, लांबलचक बोलत असायचं आणि मला सगळं समजायचं. जाग आली की फक्त त्या समजण्याची ऊब अंगावर असायची, शब्द एकही नाही.

निर्णय सोपा नव्हता. माझी इथली चार वर्षं झाली होती. पाचवं पूर्ण झालं की कायम राहण्याचा परवाना मिळणार होता, इथे सगळे त्याला आयएलआर म्हणतात. नोकरी सांभाळून पार्ट-टाइम एम.ए. केलं तर तो मिळाला असता. जपानला वर्षभर गेले तर मोजणी पुन्हा शून्यापासून. ऑफिसमधल्या नागपूरच्या मित्राने मला वेड्यातच काढलं. आई फोनवर म्हणाली, तुझं तू बघ, आणि मग मी काय बघायचं ते दहा मिनिटं तिनेच सांगितलं.

एप्रिलच्या एका रविवारी मी हॅरोला मावशीकडे गेले होते. मावशी पंचेचाळीस वर्षं तिथे राहते. तिच्या शेजारच्या घरात एक जपानी आजी राहायच्या, शहाऐंशी वर्षांच्या. नवरा इंग्रज होता, तो वारल्यावर एकट्याच. मावशी आणि त्या कुंपणावरून एकमेकींना लोणची द्यायच्या. मावशीचं लिंबाचं तिकडे जायचं, त्यांचं आंबट-खारट आलुबुखारासारखं काहीतरी इकडे यायचं, आणि दोघीही ते खात नसाव्यात असा मला संशय होता. त्या वर्षी हिवाळ्यात आजींना स्ट्रोक आला. हातपाय वाचले, पण इंग्रजी गेलं. साठ वर्षं वापरलेली भाषा अंगावरच्या शालीसारखी गळून पडली आणि खाली फक्त जपानी राहिलं. त्यांचा मुलगा पन्नाशीचा, एजवेअरला राहणारा. आता तो आईपाशीच येऊन राहिला होता. त्याला जपानीतले चारच शब्द यायचे.

मावशी म्हणाली, "तुला येतं ना ते? मग चल."

आजी काचेच्या खोलीत बसल्या होत्या, बागेकडे तोंड करून. बाहेर ढगाळ होतं, पण त्या खोलीत उजेड असा होता की तो कुठून येतोय ते कळू नये. मी वाकून नमस्कार केला, पुस्तकातलं वाक्य बोलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोलायला लागल्या. शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलत असावं आणि आपण अर्धवट झोपेत ऐकावं, तसं ते मला ऐकू येत होतं. चाल ओळखीची वाटायची, पण शब्द हाती लागायचे नाहीत. मुलगा दाराशी उभा होता. त्याने इंग्रजीत विचारलं, ती काय म्हणते आहे?

मला माहीत नाही, हे म्हणायला मला लाज वाटली. त्या एक वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होत्या, त्यातले तीन तुकडे मी पकडले. शिओ, म्हणजे मीठ. केन. आणि शेवटाकडे इनु, म्हणजे कुत्रा. मी म्हटलं, मिठाबद्दल काहीतरी आहे, आणि बहुतेक केन नावाच्या कुणाची तरी आठवण काढतायत. कुत्र्याचाही उल्लेख आहे.

मुलाने ते शब्द मनात ठेवून घेतले. त्यांच्या घरी कधी कुत्रा नव्हता, म्हणाला. केन नावाचंही कुणी नव्हतं.

त्यानंतर मी दर रविवारी जायला लागले. मेडनहेडहून निघायचं, फॅरिंग्डनला गाडी बदलून मेट्रोपॉलिटन लाइनने हॅरो. गाडी जमिनीखालून वर आली की डबा एकदम उजळायचा. मी त्या उजेडात डोळे मिटून आजींचं बोलणं मनात फिरवत बसायचे. वहीत मी ते वाक्य ऐकू आलं तसं लिहून काढलं होतं. दरम्यान मुलाने आईच्या सूपमध्ये मीठ वाढवलं, आणि पोटमाळ्यावरून जुने अल्बम काढले. तिसऱ्या रविवारी त्याने मला एक फोटो दाखवला. लाकडी धक्क्यावर एक तरुण उकिडवा बसलेला, शेजारी पांढरा कुत्रा. फोटोच्या पाठीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याने फोटो आईपुढे धरला तेव्हा त्या हसल्या होत्या म्हणे. तो मला हळू आवाजात म्हणाला, की आपल्या आईचं लग्नाआधी काही आयुष्य असेल हा विचार त्याला पन्नास वर्षांत शिवला नव्हता. वडिलांना हे माहीत असेल का, हेही त्याने विचारलं.

मे महिन्यात मी प्राध्यापिकाबाईंना भेटायला गेले. भाषाशाळेबद्दल बोलायचं होतं. बोलता बोलता वही काढली आणि ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी ते मला पुन्हा म्हणायला लावलं. मग वही स्वतःकडे ओढून घेतली.

"हे माणसाचं नाव नाही," त्या म्हणाल्या. "पश्चिमेकडे, समुद्राकाठच्या गावांत, 'म्हणून' असं म्हणायचं असेल तर केन म्हणतात. माझी आजी म्हणायची."

मिठाचा आणि भरतीचा उच्चार एकच, हे मला ठाऊक होतं, वाचताना दोन वेगळी चित्रलिपीतली अक्षरं दिसतात म्हणून कधी गोंधळ झाला नव्हता. आणि तो कुत्राही कुत्रा नव्हता. घरी परतणे या अर्थाचं ते त्या बाजूचं क्रियापद होतं. भरती येतेय, म्हणून आता घरी जाऊ या. एवढंच आजी बोलत होत्या. आठ वर्षं शिकून मी त्या वाक्यातून एक माणूस, एक कुत्रा आणि एका घरातली शंका तयार केली होती.

बाईंनी मला आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली. भाषाशाळेत ही बोली शिकवत नाहीत. तिथे टोकियोची स्वच्छ भाषा शिकवतात. पण रोज चार तास ऐकावं लागतं, आणि शाळेबाहेर पडलं की गाव असतं.

पुढच्या रविवारी मी आधी मुलाला गाठलं. तो पुढच्या अंगणात कुंपणाची झुडपं कापत होता. मी सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्याने कात्री खाली ठेवली, हातमोजे काढले, ते झटकले, पुन्हा घातले.

"मला तो केन आवडायला लागला होता," तो म्हणाला.

फोटोतला तो तरुण कोण, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

मी आत गेले. आजी खुर्चीतच होत्या. थोड्या वेळाने त्यांनी बागेकडे बघून ते वाक्य म्हटलं. या वेळी मी त्यांच्याच शब्दांत म्हटलं, हो, घरी जाऊ या. त्यांनी मान वळवली. मग उठल्या, हात पुढे केला, आणि मी तो धरला. आम्ही बागेत उतरलो. गवत जरा वाढलेलं होतं, सकाळच्या सरीने ओलं. दोन पावलांवर आजींनी दुसऱ्या हाताने झगा गुडघ्यापर्यंत उचलून धरला आणि पाय उंच टाकत, पाण्यातून चालावं तशा चालू लागल्या. मीही जीन्स दुमडली. का ते माहीत नाही, पण तसंच चालणं बरोबर वाटलं. कुंपणापलीकडून मावशी बघत होती. बाग वीसेक पावलांची असेल, पण आम्ही खूप वेळ चालत होतो. मला पोटऱ्यांना गार लागत होतं आणि लांबवर कुठेतरी आपली वाट बघणारं एखादं घर आहे असं खरंच वाटत होतं.

टोकाशी पोचल्यावर आजी थांबल्या. माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी काहीतरी विचारलं. लांब प्रश्न होता, शेवटी आवाज वर गेला, आणि त्या उत्तरासाठी थांबल्या. त्यांचा चेहरा इतका उघडा मी कधी पाहिला नव्हता.

मला कळलं नाही. मी म्हटलं, हो. मग म्हटलं, माफ करा, पुन्हा सांगाल का?

हळूहळू त्यांचा चेहरा मिटला. हात सोडवून घेतला, झगा सारखा केला, आणि परक्या माणसाशी बोलतात तसल्या नितळ, शुद्ध जपानीत म्हणाल्या, "आपण माझ्यासाठी त्रास घेऊ नका."

त्या दिवशी कुणी न सांगता मला पूर्ण कळलेलं त्यांचं वाक्य तेवढं एकच. ते माझ्या पुस्तकात होतं.

दुपारी मावशीकडे जेवताना मी म्हटलं, मी बहुतेक जाणार जपानला. मावशी इतके दिवस विरोधात होती. पुस्तकंच वाचायचीत ना, मग इथे बसून वाच, असं तिचं म्हणणं. आज ती नुसता भात कालवत राहिली. तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, समोरच जेवत होता. तो इथेच जन्मला. मराठी सगळं समजतो, पण बोलताना 'माझा भाजी संपली' म्हणतो, आणि वाचता तर येतच नाही. तो ताट घेऊन आत गेल्यावर मावशी म्हणाली,

"उद्या माझं डोकं असं झालं, तर मी काय शुद्ध मराठी बोलणार आहे? काऊन अन् कायले, असंच बोलीन. आमच्या अमरावतीचं. याला कळेल का गं?"

मी म्हटलं, याला कळेल. तो कानानेच शिकलाय.

"मग तू पण जा," ती म्हणाली. "पण मोठ्या शहरात जाऊ नको."

मी गेले नाही मोठ्या शहरात. राजीनामा देताना मॅनेजरने दोनदा विचारलं, आयएलआरला किती राहिलंय? मी सांगितलं, दहा महिने. निरोपाच्या कार्डावर त्याने 'गुड लक'खाली दोन रेघा मारल्या.

पश्चिमेच्या एका छोट्या बंदरगावातल्या भाषाशाळेत मी वर्षभर राहिले. प्रवेशपरीक्षेत वाचनात मी वरच्या वर्गाची निघाले आणि ऐकण्यात अगदी खालच्या. त्यांनी मला खालच्या वर्गात बसवलं, एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींबरोबर. पहिले दोन महिने मी रोज रडकुंडीला यायचे. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मासळीबाजारात दोन बायका भांडत होत्या आणि मी पिशवी हातात धरून, रस्त्यात उभी राहून, कुणाची चूक आहे ते ऐकत राहिले. भांडण संपल्यावर माझ्या लक्षात आलं की मला सगळं कळत होतं.

गेल्या सप्टेंबरमध्ये विद्यार्थी व्हिसावर परत आले. एम.ए. सुरू झालंय. विद्यार्थी व्हिसावरची वर्षं धरत नाहीत, त्यामुळे कायम राहण्याची मोजणी अजून सुरूच झालेली नाही, आणि मी तिचा विचार फारसा करत नाही, असं म्हणते. आजींना मुलाने जवळच्याच एका केअर होममध्ये ठेवलंय. त्या मला ओळखत नाहीत. बागेच्या टोकाशी त्यांनी काय विचारलं होतं ते मला सांगता येणार नाही. त्या वेळी शब्दच धरता आले नव्हते, त्यामुळे आता उलगडायला हातात काही नाही. मी बऱ्याचदा आठवून पाहिलं, नुसता वर गेलेला आवाज आठवतो.

केअर होममध्ये पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा त्या खिडकीशी बसून हळू, सलग काहीतरी बोलत होत्या. तिथली केअरर, केरळची एक मुलगी, कप हातात घेऊन उभी होती. ती म्हणाली, रोज याच वेळेला या असंच बोलतात, आम्हाला वाटतं की देवाचं काही म्हणत असतील.

मी शेजारी बसून ऐकलं. मग तिला सांगितलं की चहा कोमट झालाय, आणि त्यात दूध घालू नका असं त्या म्हणतायत.